पाण्याला कान लावून

जांभूळला समुद्र नाही, नदी आहे. बारवी धरणातून सोडलेलं पाणी इथवर येतं, एमआयडीसीच्या केंद्रात शुद्ध होतं आणि जाडजूड जलवाहिन्यांतून अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवली, ठाण्यापर्यंत लोकांच्या हंड्याबादल्यांत जाऊन पडतं. उरलेली उल्हास नदी आपल्या चालीने वसईच्या खाडीकडे निघून जाते. अशा गावात बसून विमानवाहू जहाजावरच्या माणसांविषयी काय लिहिणार, असं कुणी म्हणेल. पण पाण्याखाली आवाज कसा ऐकू येतो ते मी या नदीतच शिकलो, आणि ज्या स्क्वाड्रनविषयी मला लिहायचं आहे तिची सगळी उमर त्या एका गोष्टीभोवती फिरली.

आमचा एक खेळ होता. पावसाळा ओसरून पाणी निवळलं की एकाने नाक दाबून बुडी मारायची, दुसऱ्याने काही हात लांब जाऊन पाण्याखाली दोन गोटे एकमेकांवर आपटायचे. टक्, टक्. बुडालेल्याने वर येऊन सांगायचं, आवाज कुठल्या बाजूने आला. कुणालाच धड सांगता यायचं नाही. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पाण्यात १,५०० मीटरच्या आसपास. दोन्ही कानांवर तो इतका लागोपाठ येतो की डावं-उजवं कळेनासं होतं; गोटे आपल्याच डोक्यात वाजताहेत असं वाटतं. कुणीतरी आहे, एवढं नक्की कळतं. कुठे आहे, ते कळत नाही. पाणबुडी शोधणाऱ्यांचं दुखणं नेमकं हेच आहे.

हे दुखणं ज्यांनी अंगावर घेतलं त्यांतली एक म्हणजे भारतीय नौदलाची ३१० क्रमांकाची स्क्वाड्रन, ‘कोब्रा’. २१ मार्च १९६१ रोजी दक्षिण फ्रान्समधल्या इएर इथे ती उभी राहिली. पहिले प्रमुख मिहिर रॉय. त्याच महिन्याच्या ४ तारखेला बेलफास्टला ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका भारतीय नौदलात दाखल झाली होती. ३ नोव्हेंबरला ती मुंबईत आली तेव्हा तिच्या स्वागताला पंडित नेहरू हजर होते. पुढच्याच महिन्यात गोवामुक्तीची मोहीम झाली आणि नवीकोरी विक्रांत कोकणच्या समुद्रात गस्तीला उभी राहिली. बाहेरून कुणी मध्ये पडू नये म्हणून ही गस्त होती, आणि कुणी पडलंही नाही.

विक्रांतवर दोन घराणी नांदत होती. ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रनची सी हॉक विमानं, म्हणजे ‘व्हाइट टायगर’. ती जेट होती, वेगवान होती, दिसायला देखणी होती. विक्रांतच्या डेकवर पहिल्यांदा विमान उतरवणारा भारतीय वैमानिक आर. एच. तहिलियानी, तोही सी हॉकमधूनच, १८ मे १९६१ला. पुढे ते नौदलप्रमुख झाले. दुसरं घराणं कोब्रांचं. त्यांचं विमान ब्रेगे अलिझे, पुढे चार पात्यांचा पंखा फिरवत जाणारं. वर्तमानपत्रात फोटो छापायचा झाला तर सी हॉकचा छापला जायचा, हे उघड आहे. माझं मन मात्र पहिल्यापासून अलिझेकडे ओढलं गेलं.

गोव्यात दाबोळीहून बोगमाळोच्या किनाऱ्याकडे जाताना नौदलाच्या विमानांचं संग्रहालय लागतं. तिथे उघड्यावर अलिझे उभं आहे. बहुतेक लोक सी हॅरियरपाशी गर्दी करतात. मी अलिझेच्या भोवती फिरत राहतो. त्याचं नाक बोजड आहे, काचेच्या कोठडीत पुढे दोघांना शेजारीशेजारी बसायची जागा आहे. पंखांवर पुढे आलेले दोन जाड फुगवटे दिसतात. आतल्या पोकळीत मागे चाकं मिटून जायची आणि पुढच्या भागात सोनोबॉय, म्हणजे पाण्यातला आवाज ऐकणारी यंत्रं, ठेवलेले असायचे. पोटाखाली वाकून पाहिलं तर लांबट दारं दिसतात. त्या दारांआड टॉर्पेडो असायचा, नाहीतर पाण्यात ठरावीक खोलीवर फुटणारे डेप्थ चार्ज. त्याच्या मागे रडारचा गोल घुमट. काम पडलं की पोटातून खाली उतरायचा, काम झालं की पुन्हा आत. शेपटीखाली लोखंडी हुक. खाऱ्या वाऱ्याने पत्र्याच्या सांध्यासांध्यांवर आपली खूण केली आहे. या विमानात शोभेसाठी केलेलं काही नाही. प्रत्येक उंचवटा कुठल्यातरी कामासाठी आहे.

आत तिघं असायचे. वैमानिक, त्याच्या शेजारी रडारवर डोळे लावून बसलेला ऑब्झर्व्हर आणि मागे एअरक्रूमन. डिझेलवर चालणाऱ्या पाणबुडीला बॅटऱ्या भरायला अधूनमधून पृष्ठभागापाशी यावं लागतं, श्वास घेण्याची नळी तेवढी वर काढावी लागते. पसरलेल्या समुद्रात त्या नळीचं टोक रडारवर पकडायचं, हे एक काम. दुसरं काम ऐकण्याचं. सोनोबॉय विमानातून समुद्रात टाकायचे. त्यांच्याखाली पाण्यात लोंबणारा मायक्रोफोन असतो. तो पाण्यातला आवाज टिपतो आणि वर तरंगणारा भाग तो रेडिओवरून विमानाकडे पाठवतो. एक सोनोबॉय आम्हा पोरांसारखाच असतो. आवाज आला एवढंच सांगतो. म्हणून असे अनेक टाकायचे आणि कशावर आधी, कशावर मोठा आवाज येतो ते जुळवत बसायचं. इंजिनाच्या घरघरीत कानावर यंत्र चढवून तासन्‌तास खेकड्याकोळंबीचे, लाटांचे, मासेमारी बोटींचे आवाज वगळत जायचं. एकेका फेरीला चार-पाच तास. बहुतेक फेऱ्यांत काहीच सापडत नाही. आणि काही न सापडणं हीच त्या फेरीची कमाई असते, कारण जहाजाभोवतीचा तेवढा समुद्र निर्धोक आहे हे त्यातून कळतं. अशा कामाची बातमी कोण छापणार?

विमानवाहू जहाजावरून टॉर्पेडो घेऊन जाणाऱ्यांच्या वाट्याला जगभर असंच आलं आहे. टॉर्पेडो टाकायचा तर खाली, सरळ आणि संथ उडावं लागतं. जोरात टाकला तर तो पाण्यावर आपटून भरकटतो. ४ जून १९४२ रोजी मिडवेच्या लढाईत अमेरिकेच्या ‘हॉर्नेट’वरून टॉर्पेडो स्क्वाड्रन आठची पंधरा विमानं असंच खाली, सरळ, संथ उडत जपानी जहाजांकडे गेली. पंधराच्या पंधरा पडली. तीस माणसांतला एकटा जॉर्ज गे पाण्यात तरंगत वाचला. त्यांचा एकही टॉर्पेडो लागला नाही. त्याच सकाळी मागाहून वरून सूर मारत आलेल्या विमानांनी तीन जपानी विमानवाहू जहाजं पेटवली आणि युद्धाचं पारडं फिरलं. जिंकल्याचं श्रेय त्यांना मिळालं, ते योग्यच आहे. आधी गेलेल्या एकोणतीस जणांविषयी वाचताना मात्र मला पुढचं पान लवकर उलटवत नाही.

त्याच वर्षी जपानी विमानवाहू जहाजांवरची विमानं आपल्याही दारात येऊन गेली होती. ६ एप्रिल १९४२ला ‘रयूजो’ या जपानी विमानवाहू जहाजावरून उडालेल्या विमानांनी विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर बॉम्ब टाकले. हिंदुस्थानचा किनारा आता सुरक्षित नाही, ही भीती सरकारदरबारी पसरली. कल्याणच्या आसपास सैन्याची छावणी उभी राहिली. फाळणीनंतर तिथल्याच बराकींमध्ये सिंधी निर्वासित येऊन राहिले आणि ८ ऑगस्ट १९४९ला त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. अजूनही रिक्षावाला विचारतो तो ‘कॅम्प तीन की चार?’ असंच. आणि मलंगगडाच्या पायथ्याशी नेवाळीला धावपट्टी झाली. त्या धावपट्टीसाठी नेवाळी, भाल आणि आसपासच्या गावांची सोळाशे एकरांहून जास्त जमीन गेली. भातखाचरं सपाट झाली.

युद्ध संपलं, विमानं गेली. शेतकरी पुन्हा त्या जमिनीत भात लावू लागले. लढाई संपल्यावर जमीन परत मिळणार होती, हे त्यांचं म्हणणं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. जमीन कागदावर संरक्षण खात्याचीच राहिली. पुढे नौदलाने कुंपण घालायला घेतलं आणि २२ जून २०१७ला नेवाळीत भडका उडाला. रस्ते अडले, पोलिसांच्या गाड्या जळल्या, शेतकरी जखमी झाले. ज्या नौदलाच्या माणसांविषयी मी इतक्या जिव्हाळ्याने लिहितो आहे त्याच नौदलाचं ते कुंपण होतं, हे मला लपवायचं नाही. १९४२ला गेलेल्या शेतांचा हिशेब अजून मिटलेला नाही आणि तो मिटला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. समुद्रावरच्या लढाईची झळ बारवीच्या काठापर्यंत कशी येते, ते नेवाळीचा म्हातारा शेतकरी कुठल्याही पुस्तकाहून नीट सांगू शकेल.

आता १९७१ची पाकिस्तानशी झालेली लढाई. त्या लढाईत उतरण्याआधी विक्रांतच दुखण्यातून उठलेली होती. तिच्या बॉयलरमध्ये चिरा सापडल्या होत्या. आमच्या शेजारचे एक काका नौदलाच्या गोदीत फिटर होते. पहाटे घर सोडून अंबरनाथहून लोकल पकडायची, बोरीबंदरला उतरून लायन गेटपर्यंत चालत जायचं, असा त्यांचा उभा जन्म गेला. बॉयलरचा विषय निघाला की ते हातातला कप खाली ठेवत. म्हणत, “बाळा, इंजिन खोलून बसवता येतं. बॉयलरला चीर गेली की जहाजाची छातीच गेली.” चोवीस नॉटच्या आसपास धावणारी विक्रांत सोळा नॉटवर आली. तिला लढाईत न्यावं की नाही, यावर नौदलातच दोन मतं होती. नौदलप्रमुख ॲडमिरल एस. एम. नंदा यांनी तिला न्यायचं ठरवलं.

वेग गेला म्हणजे नुसता पोहोचायला उशीर होतो असं नाही. विमान उडवायचं असलं की जहाज वाऱ्याच्या तोंडी वळतं. वाऱ्याचा वेग आणि जहाजाचा वेग यांची बेरीज विमानाच्या पंखांखाली मिळते आणि वाफेवर चालणारा कॅटापुल्ट त्याला पुढे भिरकावतो. सामानसुमानासकट आठ टनांहून जड होणाऱ्या अलिझेला ही बेरीज फार मोलाची. जहाज मंद आणि त्यात डिसेंबरातला शांत बंगालचा उपसागर. म्हणजे वारा किती, भार किती, इंधन किती, याचा काटेकोर हिशेब केल्याशिवाय एकही अलिझे डेकवरून सोडता येत नसणार.

विक्रांत अंदमानात दडून राहिली. पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी तिचाच माग काढत विशाखापट्टणमपर्यंत आली आणि ३ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास तिथेच बुडाली. ४ डिसेंबरला सी हॉकनी कॉक्स बझारवर पहिला हल्ला केला, मग चितगाव, खुलना, मोंगला. दिवस सी हॉकचे होते. रात्री कोब्रांच्या. पाणबुडीचा माग काढण्यासाठी बनवलेली ही विमानं अंधारात कॉक्स बझार आणि चितगावच्या धावपट्ट्यांवर बॉम्ब टाकायला गेली, कारण रात्री जहाजावरून उडून रात्रीच परत उतरू शकतील अशी विमानं तीच होती. शत्रूला दिवसा केलेली डागडुजी रात्री टिकू द्यायची नाही, एवढंच काम.

परतीचा विचार करा. खाली काळा समुद्र, वर काळं आभाळ, जहाजावर शक्य तितके दिवे मालवलेले. अंधारात कुठेतरी एक डेक चालतो आहे. वैमानिकाला दिसतो तो आरशाच्या यंत्रातला प्रकाशाचा ठिपका. तो ठिपका दोन्ही बाजूंच्या दिव्यांच्या ओळीत राहिला तर उतरण्याचा कोन बरोबर. वर सरकला की आपण उंच, खाली सरकला की आपण खाली. मग चाकं डेकला लागतात, शेपटीखालचं हुक आडव्या तारेत अडकतं आणि पळणारं विमान जागच्या जागी खेचलं जातं. तार चुकली तर पुन्हा पूर्ण ताकद देऊन वर, पुन्हा त्या अंधारात फेरी. ऑब्झर्व्हर आणि एअरक्रूमन यांच्या हाती त्या क्षणी काहीच नसतं. वैमानिकावर विश्वास ठेवून बसणं तेवढं असतं. १४ डिसेंबरपर्यंत हे चाललं. मग इंधन पाव हिश्शाच्याही खाली आलं आणि विक्रांत पारादीपकडे वळली. दोन दिवसांनी ढाक्याला शरणागती झाली.

पश्चिमेची गोष्ट निराळी आहे. नंदा यांच्या हुकमाने ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर क्षेपणास्त्रं पडली. नौदल दिन साजरा होतो तो त्याचाच. नंदा स्वतः कराचीच्या मनोरा बेटावर लहानाचे मोठे झालेले. उल्हासनगरात कराची सोडून आलेली कितीतरी घरं होती. आपलं जन्मगाव जळतं आहे आणि जाळणारे आपलेच आहेत, ही बातमी त्या घरांतल्या म्हाताऱ्यांनी रेडिओवर कशी ऐकली असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने ‘खुकरी’ या भारतीय युद्धनौकेवर टॉर्पेडो सोडला. खुकरी काही मिनिटांत बुडाली. अठरा अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. पाणबुडी सहजी सापडत नाही याचं एक कारण पाण्यातच आहे. समुद्राच्या पाण्याचेही थर असतात, वरचं गरम, खालचं गार. त्या थरांच्या सांध्यावर आवाज वाकतो, आणि पाणबुडी त्या वाकणाच्या आड बसली की जहाजावरचा सोनार बहिरा होतो. हंगोर फ्रान्समध्ये बांधलेली होती. तिला शोधायला निघालेली अलिझेही फ्रान्समध्येच घडलेली.

स्क्वाड्रनची काही विमानं विक्रांतबरोबर न जाता पश्चिम किनाऱ्यावर राहिली होती. खुकरी बुडाल्यावर हंगोरचा पाठलाग सुरू झाला. दुसऱ्या दिवशी, १० डिसेंबर १९७१ला, एक अलिझे समुद्रावर असताना पाकिस्तानचं एफ-१०४ स्टारफायटर त्याच्यावर चालून आलं. स्टारफायटरचा वेग आवाजाच्या दुप्पट. अलिझे जोर लावूनही तासाला पाचशे किलोमीटरच्या आसपास जाणारं, आणि शोधाच्या वेळी त्याच्या निम्म्यानेच. हवेतल्या लढाईसाठी त्याच्यापाशी बंदूकसुद्धा नाही. त्याची सगळी हत्यारं खाली, पाण्याकडे तोंड करून. ते विमान पडलं. लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय, लेफ्टनंट एच. एस. सिरोही आणि एअरक्रूमन विजयन परत आले नाहीत.

खुकरी सगळ्यांना ठाऊक आहे, आणि असायलाच हवी. दीवला तिचं स्मारक आहे. विक्रांतचे कॅप्टन स्वराज प्रकाश आणि सी हॉकचे प्रमुख एस. के. गुप्ता यांना महावीरचक्र मिळालं, तेही त्यांच्या हक्काचं. स्क्वाड्रन उभी करणारे मिहिर रॉय १९७१ला नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाचे संचालक होते. त्यांनी नंतर पुस्तक लिहिलं. विमानातल्या त्या तिघांविषयी मात्र आपल्याकडे एखाद-दुसऱ्या ओळीपलीकडे फारसं लिहिलेलं सापडत नाही. मला हे बरोबर वाटत नाही. बुडालेल्या जहाजाचा सूड घेणं किंवा नवं काही जिंकणं हे त्यांचं काम नव्हतंच. मारेकरी पाणबुडी अजून त्याच पाण्यात आहे, तिने दुसरं जहाज धरू नये म्हणून ते ऐकत हिंडत होते. आणि हंगोरने त्या लढाईत दुसरं जहाज बुडवलं नाही.

अलिझे पुढे खूप वर्षं उडाली. विक्रांतवर सी हॅरियर आली, अलिझे किनाऱ्यावर गेली आणि नव्वदीच्या सुरुवातीला निवृत्त झाली. कोब्रा मात्र अजून आहेत. आता ते डॉर्नियर विमानं उडवतात, गोव्याच्या ‘हंसा’ तळावरून, आणि समुद्रावर नजर ठेवण्याचं जुनंच काम करतात. विक्रांत ३१ जानेवारी १९९७ला निवृत्त झाली, मुंबईत काही वर्षं संग्रहालय म्हणून उभी राहिली, २०१४ला दारूखान्याला तोडली गेली. तिच्या पोलादातून मोटरसायकली निघाल्या. ते जहाज आपल्याला जपता आलं नाही, हे महाराष्ट्राने स्वतःशी कबूल करावं.

म्हणून पुढच्या वेळी गोव्याला जाल तेव्हा एक सकाळ बोगमाळोच्या त्या संग्रहालयासाठी राखून ठेवा. मुलांना बरोबर न्या. ती आधी सी हॅरियरकडे पळतील, पळू द्या. मग त्यांना अलिझेपाशी आणा, पोटाखालची लांबट दारं दाखवा, मागच्या माणसाची जागा दाखवा, आणि अशोक रॉय, सिरोही, विजयन ही तीन नावं त्यांना सांगा.